डाकतिकिटांचा ठेका : लंडन ते नाशिक रोड

दर वर्षी फेब्रुवारी महिन्यात नाशिक रोडच्या बाळ येशूच्या यात्रेस आपल्या धर्मग्रामांतून भाविकांच्या गाड्या भरून जातात. नवस फेडणारे असतात, नवस बोलणारे असतात आणि चार सोयऱ्यांच्या गाठीभेटी होतील एवढ्याच आशेने निघणारेही असतात. आम्ही बहुधा या शेवटच्या वर्गात मोडतो. यात्रेच्या गर्दीतून बाहेर पडून नाशिक रोडच्या वस्तीत थोडे हिंडले की एक लांबच लांब भिंत लागते. फाटकाशी सशस्त्र पहारा असतो. आत काय चालते ते बाहेरून दिसत नाही, आणि दिसू नये अशीच तिची योजना आहे. तरीही त्या भिंतीआड तयार झालेली एखादी वस्तू यात्रेकरूंपैकी बहुतेकांच्या घरी असते. पाकिटातील नोट कदाचित तेथली असेल. मुलगा आखातात नोकरीस असेल तर त्याचा पासपोर्ट तेथला. आणि आजीच्या पेटीत जपून ठेवलेल्या पत्रांवरील तिकिटे पाहिली तर तीही जवळजवळ सगळी तेथलीच निघतील.

नाशिक रोडच्या या छापखान्याची कथा ही मुळात एका सरकारी ठेक्याची कथा आहे. सरकारी खात्यास छापील माल पुरविणे हा धंदा तसा रूक्ष. निविदा, मागणीपत्र, नमुना, मोजदाद आणि शेवटी कधीतरी मिळणारे बिल, एवढाच त्याचा संसार. पण टपालखात्याला तिकिटे पुरवायची म्हटले की या रूक्ष व्यवहारात एक निराळीच वस्तू शिरते. कागदाच्या ज्या चिटुकल्या तुकड्यास स्वतःची अशी काही किंमत नाही, तो सरकारच्या नावाने छापला की त्याला एक आणा, एक रुपया, दहा रुपये असे मोल येते. म्हणजे छापणारा सरकारला कागद आणि शाई विकतो ती नावापुरती. त्याच्याकडून खरोखर घेतला जातो तो भरवसा. हा भरवसा कोणाच्या हाती सोपवावा, हा प्रश्न हिंदुस्थान सरकारपुढे सत्तर वर्षे होता, आणि सत्तर वर्षे त्याचे उत्तर 'लंडन' हेच होते.

आरंभ मात्र लंडनहून झाला नाही. १८५२ साली सिंध प्रांताचे कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी कराचीला 'सिंध डाक' नावाची तिकिटे काढली. हेच फ्रिअर साहेब पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यांचे पहिले तिकीट लाखेच्या गोल चकतीसारखे होते. ते हाताळताना तडकत असे, म्हणून मग कागदावर उठावाचा ठसा मारून काम भागविण्यात आले. दोन वर्षांनी, १८५४ साली, टपालाचा नवा कायदा झाला आणि पाव तोळ्यापर्यंतचे पत्र अंतराचा विचार न करता अर्ध्या आण्यात देशात कोठेही जाऊ लागले. त्यासाठी लागणारी तिकिटे कलकत्त्यास भूमापन खात्याच्या शिळाछापखान्यात कॅप्टन थुइलियर यांनी छापली. अर्ध्या आण्याचे तिकीट आधी शेंदरी रंगात निघाले होते. त्याला लागणारा विलायती रंग संपला तेव्हा ते निळ्यात छापावे लागले. चार आण्यांच्या तिकिटावर राणीचे मस्तक निळे आणि चौकट तांबडी. दोन रंगांसाठी कागद दोनदा छापावा लागे, आणि काही तावांवर राणीसाहेब चौकटीत उलट्या, डोके खाली करून बसल्या. आज ती उलटी राणी संग्राहकांच्या लेखी रत्नाच्या मोलाची आहे. त्या वेळच्या साहेबांना मात्र ती नामुष्कीच वाटली असणार.

शिळाछपाईची तिकिटे नक्कल करण्यास सोपी, रंग बेभरवशाचे, कागद मिळेल तसा. तेव्हा कंपनी सरकारने १८५५ पासून लंडनच्या थॉमस डी ला रू या पेढीकडे काम दिले. हे थॉमस डी ला रू मूळचे गर्न्सी बेटावरले. लंडनला येऊन त्यांनी खेळायचे पत्ते छापण्यात नाव कमावले. राजाराणीची चित्रे एकासारखी एक, पाठीवरची नक्षी तंतोतंत सारखी, कोणत्याही पत्त्याची पाठ पाहून तो ओळखता कामा नये, अशी ती विद्या होती; आणि नीट पाहिले तर डाकतिकीट छापण्याची विद्या तीच आहे. जुगाऱ्यांच्या अड्ड्यावर कसाला लागलेले कौशल्य सरकारदरबारी रुजू झाले, याची आम्हांस नेहमी मौज वाटते.

पेढीचे कामही तसेच चोख होते. तिने वापरलेली शाई कच्ची होती, आणि ती मुद्दाम कच्ची ठेवलेली होती. वापरलेल्या तिकिटावरचा टपालाचा शिक्का धुऊन काढून ते पुन्हा चिकटविण्याची युक्ती लोकांनी फार लवकर शोधली होती. या कच्च्या शाईमुळे शिक्का पुसायला जावे तर राणीचे चित्रही विरघळून जाई. १८६५ पासून कागदात हत्तीच्या मस्तकाचे जलचिन्ह आले. तिकीट उजेडाकडे धरले की ते दिसे. पुढे १८८० नंतर हत्ती गेला आणि एक तारा आला. या तीन पहाऱ्यांवर, म्हणजे कागद, शाई आणि साचा यांवर, सारा भरवसा उभा होता. चौथा पहारा हिशेबाचा. त्याविषयी पुढे सांगू.

पण चोख कामाला अंतराचे ग्रहण होते. मागणीपत्र बोटीने लंडनला जायचे, माल पेट्यांत भरून बोटीने यायचा, मग तो कोषागारांत आणि तेथून टपालकचेऱ्यांत. वर्षाला किती तिकिटे खपतील याचा अंदाज कितीतरी महिने आधी बांधावा लागे, आणि मध्येच टपालाचा दर बदलला तर सारेच मुसळ केरात. १८६६ साली सहा आण्यांच्या तिकिटांची एकाएकी गरज पडली. लंडनहून माल येईपर्यंत पत्रे थांबणार नव्हती. शेवटी परदेशी हुंड्यांवर लावायचे सहा आण्यांचे मुद्रांक घेऊन, त्यांच्या वरची व खालची पट्टी कापून टाकून, त्यांवर 'पोस्टेज' असा शब्द छापला आणि वेळ मारून नेली. १९२१ साली दर वाढले तेव्हा एक आण्याच्या तिकिटांवर नऊ पै असा आकडा छापण्यात आला. त्या घाईत काही तिकिटांवर 'नाइन' हा शब्दच दोनदा पडला. लंडनहून आलेल्या रेखीव मालावर येथे बसून अशी ठिगळे लावण्याचे काम सरकारी छापखान्याच्या नशिबी वारंवार येत असे.

नोटांचीही तीच कथा. १८६१ च्या कागदी चलनाच्या कायद्यानंतर हिंदुस्थान सरकारच्या नोटा इंग्लंडातच छापून येत. पहिल्या महायुद्धात चांदी दुर्मीळ झाली, आणि ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारला प्रथमच एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. चांदीचा रुपया दगडावर वाजवून घेणाऱ्या लोकांच्या हाती कागद ठेवायचा, आणि तोही युद्धकाळात समुद्रावरून आणायचा! २ जुलै १९१८ रोजी लंडनहून मुंबईस निघालेली 'शिराळा' नावाची आगबोट जर्मन पाणबुडीने बुडविली. तिच्यात इतर मालाबरोबर कोऱ्या करकरीत नोटांचे गठ्ठे होते. पाच आणि दहा रुपयांच्या नोटा, तसेच सही व्हायच्या राहिलेल्या एक रुपयाच्या नोटा इंग्लंडच्या किनाऱ्याला वाहत लागल्या. बहुतेक गोळा करून नष्ट करण्यात आल्या. काही लोकांच्या हाती राहिल्याच. त्यांपैकी दहा रुपयांच्या दोन नोटा २०२४ साली लंडनमध्ये लिलावास निघाल्या होत्या. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी कागद शाबूत आणि आकडे स्वच्छ, हे छापणाऱ्याचे कसब म्हणायचे. पण माल ज्याच्यासाठी छापला त्याच्या दारी तो पोहोचला नाही, हे अंतराचे दुखणे उघडच राहिले.

युद्ध संपल्यावर सरकारने विचार सुरू केला. मुंबईच्या टांकसाळीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल विलिस आणि छपाई, लेखनसामग्री व मुद्रांक यांचे नियंत्रक अस्कोली या दोघांकडे १९२२ साली चौकशी सोपविण्यात आली : अशी सुरक्षित छपाई हिंदुस्थानात होऊ शकेल काय? दोघांनी नुसता अहवाल लिहून काम संपविले नाही. १९२३ साली दिल्लीत तिकिटे छापून पाहण्याचा प्रयोग झाला. तो साधला, आणि जागेचा शोध सुरू झाला तो नाशिकवर येऊन थांबला.

नाशिकच का? गोदावरीचे पुण्य साहेबाच्या हिशेबात नव्हते. त्याच्या हिशेबात हवा होती. कागद हा हवेतील ओल पिऊन फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो. एकच ताव रंगासाठी, मग डिंकासाठी, मग छिद्रे पाडण्यासाठी यंत्राखाली जायचा असेल आणि दरम्यान तो केसभर जरी वाढला, तरी भोके तिकिटांच्या मधल्या रिकाम्या जागेऐवजी राजाच्या नाकावर पडतात. मुंबईच्या दमट हवेत डिंकाचे तावच्या ताव एकमेकांना चिकटायचे. वसईकर वाचकांनी पावसाळ्यात ट्रंकेतून काढलेली तिकिटे आठवावीत म्हणजे अधिक सांगणे नलगे. नाशिकची हवा त्यामानाने सम आणि कोरडी. मुंबईपासून मुख्य लोहमार्गावर, बंदरात उतरलेला कागद त्याच दिवशी पोहोचेल इतके जवळ. १९२४ मध्ये बांधकाम सुरू झाले, १९२५ मध्ये छापखाना उभा राहिला, आणि डी ला रू पेढीचा सत्तर वर्षांचा ठेका संपला. कर्नल विलिस हेच नव्या संस्थेचे पहिले प्रमुख झाले. हुद्द्याचे नाव मोठे भारदस्त होते : मास्टर, सिक्युरिटी प्रिंटिंग, इंडिया.

नाशिकची तिकिटे १९२६ मध्ये लोकांच्या हाती पडू लागली तेव्हा कोणाला फरक कळला नसेल. नक्षी तीच, पंचम जॉर्ज तेच. बदलले होते ते जलचिन्ह. लंडनच्या कागदात प्रत्येक तिकिटामागे एक तारा असे; नाशिकच्या कागदात ताऱ्यांची दाटी झाली. जुनी तिकिटे घरात असतील त्यांनी ती पाण्याने ओली करून काळ्या बशीवर पालथी ठेवून पाहावीत. एक तारा असेल तर तिकीट लंडनचे, अनेक दिसले तर नाशिकचे. राज्य इंग्रजांचेच होते, राजाही त्यांचाच. परंतु राजाचा चेहरा छापणारे हात आता नाशिक, सिन्नर, निफाडकडच्या माणसांचे होते. स्वातंत्र्याच्या इतिहासात याची नोंद कोणी घेत नाही. आम्हांस मात्र ती घ्यावीशी वाटते.

१९२८ साली शेजारीच नोटांचा छापखाना सुरू झाला. प्रथम पाच रुपयांची नोट निघाली आणि १९३२ पर्यंत देशात चालणाऱ्या सर्व किमतींच्या नोटा नाशिकला छापल्या जाऊ लागल्या. रिझर्व्ह बँक स्थापन झाली ती १९३५ साली. म्हणजे बँकेच्या आधी तिचा छापखाना तयार होता. १९२९ मध्ये हवाई टपालाची खास तिकिटे निघाली. त्यांवर राजाच्या मुखवट्याशेजारी डी हॅव्हिलंड कंपनीचे विमान उडताना दाखविले होते. आणि १९३७ साली सहाव्या जॉर्जच्या मुद्रेची जी मालिका आली ती आमच्या मते नाशिकची त्या काळातील सर्वांत देखणी कामगिरी. दोन आण्यांवर भाला घेऊन धावणारा डाकवाला, अडीच आण्यांवर डाकेची बैलगाडी, मग टांगा, उंट, आगगाडी, आगबोट, मोटार आणि बारा आण्यांवर विमान. किंमत वाढते तसे वाहन वेगवान होत जाते. तिकीट हातात घेतले की पत्र आपल्यापर्यंत किती जणांच्या पाठीवरून आले ते कळावे, अशी ती रचना होती.

येथे थोडे विषयांतर क्षम्य मानावे. १९४२ साली नाशिकच्या छापखान्याने इथिओपियासाठी, म्हणजे जुन्या हबसाणासाठी, सम्राट हैले सेलासी यांच्या चित्राची तिकिटे छापली. इटालियनांच्या तावडीतून तो देश नुकताच सुटला होता, सम्राट गादीवर परतले होते आणि त्या मोहिमेत हिंदी पलटणी लढल्या होत्या. आता गोव्याचा इतिहास आठवा. सप्टेंबर १५५६ मध्ये हिंदुस्थानात पहिले मुद्रणयंत्र आले ते हिंदुस्थानासाठी नव्हतेच. येशूसंघीय धर्मगुरू ते हबसाणात न्यायला निघाले होते. पुढला प्रवास घडला नाही, यंत्र गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयात राहिले, ब्रदर बुस्तामांते यांनी ते चालविले, आणि आपल्या देशात छपाईची विद्या रुजली. फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले ते याच परंपरेत. हबसाणाचे जे यंत्र आपल्याकडे राहून गेले होते, त्याची थोडीशी परतफेड चारशे वर्षांनी नाशिकने केली असे म्हटले तर इतिहासकार रागावतील, पण आमचे वाचक रागावणार नाहीत.

नाशिक रोडच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण पान १९४७ चे आहे. १५ ऑगस्टला एका सरकारची दोन सरकारे झाली. नव्या पाकिस्तानाजवळ तिकिटे नव्हती, नोटा नव्हत्या, आणि त्या छापायला असा छापखानाही नव्हता. तेव्हा सहाव्या जॉर्जच्या हिंदी तिकिटांवर 'पाकिस्तान' असा शब्द छापून ती पाठविण्याचे काम नाशिकने केले. १ ऑक्टोबर १९४७ रोजी ती पाकिस्तानात विक्रीस आली. नोटांवरही इंग्रजीत व उर्दूत 'पाकिस्तान सरकार' असे शब्द छापून दिले गेले, आणि त्या १९४८ च्या एप्रिलपासून तिकडे चालू लागल्या. ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँक ही दोन्ही देशांची बँक होती, त्यामुळे हा सारा व्यवहार कराराप्रमाणेच होता. पण महिने कोणते होते ते पाहा. पंजाबात आगगाड्या प्रेतांनी भरून येत होत्या. काश्मीरात लढाई सुरू होती. पंचावन्न कोटींच्या रकमेवरून दिल्लीत रण माजले होते, आणि जानेवारीत गांधीजी उपोषणास बसले. त्याच महिन्यांत नाशिक रोडला कामगार पाळीवर येत होते आणि शेजाऱ्याच्या नावाचा ठसा तावामागून तावावर उमटवीत होते. त्यांच्या मनात काय चालले असेल ते कोणी लिहून ठेवलेले नाही. माल मात्र मोजून, बांधून, वेळेवर गेला.

स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघाले. साडेतीन आण्यांचे, तिरंगा ध्वजाचे, 'जय हिंद' असे लिहिलेले. तेही नाशिकचे. गांधीजींची हत्या झाल्यावर, स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवशी, १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांच्या चित्राची चार तिकिटे निघाली. त्यांवर नागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांत 'बापू' असे छापले होते. ही तिकिटे मात्र नाशिकला छापली गेली नाहीत. छायाचित्रातील छायाप्रकाश हुबेहूब उतरविणारी फोटोग्रॅव्हुअर छपाई त्या वेळी नाशिकला होत नव्हती, म्हणून काम स्वित्झर्लंडच्या कूर्व्हॉझिए या पेढीस देण्यात आले. ज्या माणसाने आयुष्यभर स्वदेशीचा मंत्र दिला, परदेशी कापडाच्या होळ्या पेटविल्या, त्याची पहिली तिकिटे परदेशात छापून आणावी लागली! यावरून सरकारला हसणे सोपे आहे. परंतु आम्हांला वाटते, निर्णय घेणाऱ्यांनाही हे बोचले असावे. कारण चार वर्षांत उत्तर मिळाले. १ ऑक्टोबर १९५२ रोजी संत आणि कवी यांची सहा तिकिटे प्रसिद्ध झाली : कबीर, तुलसीदास, मीराबाई, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ. फोटोग्रॅव्हुअर पद्धतीने नाशिकला छापलेली ही पहिली मालिका. जे १९४८ मध्ये बापूंसाठी जमले नाही, ते १९५२ मध्ये कबीरासाठी जमले.

आपल्या समाजाच्या आठवणीही या भिंतीआडच्या कामाशी जोडलेल्या आहेत. १९६४ साली मुंबईस आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली आणि २ डिसेंबर रोजी पोप पॉल सहावे भारतभूमीवर उतरले. त्याच दिवशी टपालखात्याने संत थॉमस यांचे पंधरा पैशांचे तिकीट काढले. ओव्हल मैदानावर दर्शनाला गेलेल्या कितीतरी कुटुंबांनी ते तिकीट लावून स्वतःच्याच पत्त्यावर पाकिटे टाकली होती. तशी काही आम्ही पाहिली आहेत, कोपरे पिवळे पडलेली, शिक्का अर्धवट उठलेली. पुढे १९७४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी संत फ्रान्सिस झेवियर यांचे तिकीट आले आणि २७ ऑगस्ट १९८० रोजी मदर तेरेसा यांचे. मदर तेव्हा हयात होत्या. हयात व्यक्तीचे तिकीट काढण्याची रीत आपल्याकडे नाही म्हटले तरी चालेल, म्हणून त्या तिकिटाचे अप्रूप अधिक.

हिशेबाचा चौथा पहारा कसा असतो, हे आम्हांस एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले. त्यांची उभी हयात अशा सुरक्षित छपाईच्या कामात गेली. कोरा ताव कोठारातून निघतो तो मोजून. छापून झाल्यावर मोजतात, डिंक लागल्यावर मोजतात, छिद्रे पडल्यावर मोजतात. बिघडलेला ताव फेकायचा नसतो. तो चांगल्या तावाइतक्याच काळजीने मोजून, नोंद करून, मग नष्ट करायचा. "चांगल्या मालाची चोरी पकडता येते," ते म्हणाले, "रद्दीची पकडता येत नाही, म्हणून रद्दीवर डोळा अधिक." एक ताव कमी भरला तर तो सापडेपर्यंत पाळीतला कोणी घरी जात नसे. बाहेर पडताना रोज झडती, जेवणाचा डबासुद्धा उघडून. तीस वर्षे रोज झडती देणाऱ्या माणसाला अपमान वाटत नसे काय, असे आम्ही विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पहिल्या वर्षी वाटला. नंतर एखाद्या दिवशी पहारेकऱ्याने नीट झडती घेतली नाही तर चुकल्याचुकल्यासारखे व्हायचे."

रद्दीवर डोळा ठेवावा, हे त्यांचे म्हणणे किती खरे होते, ते पुढे साऱ्या देशाने पाहिले. तेलगीचे बनावट मुद्रांकांचे प्रकरण २००१ नंतर उघडकीस आले तेव्हा तपासात असे पुढे आले की, नाशिकच्या छापखान्याने मोडीत काढलेली यंत्रसामग्री त्याच्या हाती गेली होती. कागद, शाई आणि ताव यांवर पहारा होता. यंत्राच्या भंगारावर पुरेसा नव्हता. २००७ साली तेलगीस तीस वर्षांची सक्तमजुरी झाली आणि २०१७ मध्ये तो मरण पावला. पण मधल्या काळात घर घेणाऱ्या, करार करणाऱ्या लाखो साध्या माणसांनी आपल्या कपाटातील मुद्रांक खरा की खोटा, या शंकेने रात्री काढल्या. १९६० च्या वा १९७० च्या दशकात ही शंका कोणाच्या मनातही आली नसती. १९७१ च्या नोव्हेंबरात बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी प्रत्येक पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लावणे सक्तीचे झाले. एवढी तिकिटे एकदम पुरविणे शक्य नव्हते, म्हणून गावोगावच्या टपालकचेऱ्यांनी जुन्याच पाच पैशांच्या तिकिटांवर हाताने रबरी शिक्के मारले. कोणी त्यांवर संशय घेतला नाही. रबरी शिक्काही लोकांनी खरा मानला, इतकी ती पुण्याई मोठी होती.

यानंतरचे पान व्यवहाराचे आहे. एकट्या नाशिकवर देशाची गरज भागेना, म्हणून नोटांसाठी १९७४ मध्ये देवास आणि मुद्रांक-तिकिटांसाठी १९८२ मध्ये हैदराबाद येथे छापखाने निघाले. नोटांचा कागद परदेशातून आणावा लागे तो १९६८ पासून होशंगाबादला बनू लागला. १९९० च्या दशकात टपालखाते काही तिकिटे खासगी छापखान्यांकडूनही घेऊ लागले. म्हणजे ठेका पुन्हा बाहेर गेला, फक्त या वेळी लंडनऐवजी कानपूरला. १० फेब्रुवारी २००६ पासून नाशिकचे दोन्ही छापखाने सरकारी खाते न राहता टांकसाळींसह एका सरकारी मालकीच्या कंपनीत गेले. जे काम इतकी वर्षे एका खात्याने दुसऱ्या खात्यासाठी करायचे, ते आता कंपनीने गिऱ्हाइकासाठी करायचे झाले. डी ला रू पेढी जेथे होती तेथे हिशेब आला असे कोणी म्हणेल. फरक एवढाच की नफा घरात राहतो. नाशिकच्याच गांधीनगरात केंद्र सरकारचा आणखी एक छापखाना आहे. कचेऱ्यांचे नमुने, नोंदवह्या, अहवाल असे बिनझगमगाटाचे काम करणारा. २०१७ साली असे सतरा छापखाने मिटवून पाच ठेवण्याचा निर्णय झाला, त्या पाचांत नाशिक टिकले.

नोटबंदीच्या वेळी, २०१६ च्या नोव्हेंबरात, रांगेत उभे राहून आपण सगळे वैतागलो होतो. त्या दिवसांत नाशिक रोडच्या कामगारांनी रविवारच्या सुट्ट्याही सोडल्या होत्या, हे आम्हांला बऱ्याच नंतर कळले.

या वर्षी यात्रेहून परतल्यावर एक पत्र टाकायचे होते म्हणून आम्ही टपालकचेरीत गेलो. खिडकीतल्या तरुणाने पाकीट काट्यावर ठेवले, यंत्रातून रेघारेघांची एक चिठ्ठी काढली आणि ती चिकटवू लागला. आम्ही म्हणालो, तिकीट लावाल का? त्याने आमच्याकडे नवलाने पाहिले. मग खालचा खण ओढला, एक जाड वही काढली, तिच्या पानांमधून तिकिटांचा एक ताव उचलला आणि कडेची छिद्रे घडी घालून, नखाने दाबून, सावकाश दोन तिकिटे वेगळी केली. उरलेला ताव वहीत परत ठेवण्यापूर्वी त्याने त्यातली तिकिटे मोजली, आणि आकडा वहीत लिहिला.